कवळी

तुर्भ्याच्या खाणीखाली, सेक्टर एकवीसमध्ये
माझी लॅब : एक शटर, एक बर्नर,
प्लास्टरच्या जबड्यांची फळी.
उदगीरहून येऊन दोन वर्षं झाली होती
आणि तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं.

साहेबांची वरची नीट बसायची, खालची डुगडुगायची.
गाडी आली न्यायला.
'या डॉक्टर,' ते म्हणाले.
मी डॉक्टर नाही, म्हटलं. दोनदा म्हटलं.
तिसऱ्या वेळी चहा आला होता,
बशीत काजू होते.

मग दिवाणखान्यात भिंतीकडची खुर्ची माझी झाली.
कुणाची टपरी राहणार, कुणाची नाही,
सगळं माझ्या कवळीतून बाहेर पडायचं,
स्पष्ट. 'स' आता शिट्टी मारत नव्हता.
भाडं मागायला कुणीच आलं नाही पुन्हा.

त्या रात्री जनार्दन भोपींना आणलं.
ओठ फुटलेला, पुढचे चार नव्हते.
'बघा डॉक्टर, खर्च आमचा.'
सगळे हसले. साहेबही हसले,
छान हसले, मीच घासलेल्या सुळ्यांनी.
मी म्हटलं, 'आ करा.'
भोपी माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्या दातांकडे,
म्हणजे ते असायला हवे होते तिथे.

फळीवर दोन्ही साचे शेजारी सुकतायत,
प्लास्टर एकाच पोत्यातलं.
पेन्सिलीनं नावं घालायला बसलो.
साहेबांचं घातलं.
दुसऱ्यावर 'भ' काढून हात थांबलाय,
आणि बाहेर गाडीचा हॉर्न.