बारा व्होल्ट

माझ्या टेबलावरचे तीनही प्लेअर
अर्लीसबाईंनी उलटेपालटे करून पाहिले.
एक बारा व्होल्टवर चालेना,
दुसऱ्याचं झाकण वर उघडतं, गाडीतल्या फळीखाली मावायचं नाही.
तिसरा बसेल. अठरा डॉलर.

"लावून दाखव."
पिशवीतून ओरखडलेली डिस्क निघाली.

जुना म्हणे नेमका इथंच अडायचा :
घोडा नदीकाठी, एक पाय उचललेला.
मग व्हर्जिल उठायचा, कॉफी ठेवायचा,
जाता जाता गाडीच्या छताला चापट,
जणू दोष छताचा.

हा अडला नाही.
घोडा सरळ पाण्यात, पार पलीकडे.
तिथं गवत, आणि गवतात एक बाई उभी,
जिची या दोघांना एकोणीस वर्षं खबरच नव्हती.

वाळवंटातला वारा ताडपत्री फडफडवत होता.
"पंधराला दे,"
त्या म्हणाल्या,
नजर न हलवता.