गेंड्याची नोट

फैजपूर, मे महिना, दुपारचे दोन.
कूलर बंद, पंखाही बंद केलाय
नोटा उडू नयेत म्हणून.
एकतीस वर्षं कॅश काउंटर सांभाळला,
वारा आणि नोट मी एका खोलीत ठेवत नाही.

लिफाफ्यात उरलंय ते मांडतो:
सिंहाच्या दोन, दोन-दोन हजारांच्या.
गेंड्याची एक, पाच हजारांची.
आणि वीस डॉलरची एक,
तिच्याबद्दल नंतर.

"काहून मोजू र्‍हायले पुन्हा?"
कोकिळा कैरी चिरता चिरता विचारते.

आरुशात पहिल्या दिवशी
मशीनमधून चार लाख शिलिंग निघाले एका दमात.
मी फुटपाथवर उभा, खिसा छातीशी धरून.
चार लाखांत आमच्या प्लॉटचं कंपाउंड झालं होतं.
"तीसनं भागा," ती म्हणाली,
"तेरा हजार. चला, ऊन लागू र्‍हायलं."
मग सात दिवस तीच भागत राहिली.
पाण्याची बाटली भागिले तीस,
लाल चौकटीची चादर भागिले तीस,
आणि डॉलर तिच्या परकराच्या चोरखिशात,
जिथून काढायला दर वेळी
आधी आडोसा शोधावा लागे.

केळी मात्र मी भागू दिली नाहीत.
लाल सालीचा घड हातावर तोलला,
आकडा बोललो,
बाईनं काट्यावर टाकला, तेवढाच भरला.
हसली. पाचशे कमी केले.
रावेर-सावद्याकडच्या माणसाला
केळीत परदेश नसतो.

सिंह दिसले नऊ.
हत्ती मोजता मोजता सुटले.
गेंड्यासाठी एलिबारिकीनं गाडी दीड तास उभी ठेवली,
दुर्बीण दिली, म्हणाला, तो बघा, तो काळा ठिपका.
कोकिळेला शिंग दिसलं.
मला ठिपकाच.

आता ती वीसची नोट.
जळगावला नव्या पेठेत मी स्वतः पारखून घेतलेली,
तरी कोपऱ्यात निळ्या शाईचा एक थेंब राहून गेला,
मोहरीएवढा.
आरुशाच्या काचेमागच्या मुलीनं ती उजेडात धरली,
अंगठा फिरवला, अगदी मी फिरवायचो तसा,
आणि काचेखालून परत सरकवली.
वाद घातला नाही.
तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

केलंच होतं.
हुरमतबाई तडवी, यावलच्या बाजारच्या दिवशी,
घामानं भिजून दुमडलेली शंभराची,
नंबराचा अर्धा आकडा गेलेला.
म्हणालो, ही नाही, दुसरी द्या.
"दुसरी असती तं हेच आनली असती का, भंगाळेसायेब?"
तिनं ती चार घड्या करून पुन्हा बटव्यात ठेवली.
मी पुढचं टोकन पुकारलं.
नियमानं नोट बदलून देता येत होती.
अर्ज भरावा लागे. जेवणाची वेळ झाली होती.

शेवटच्या दिवशी एलिबारिकीचं पाकीट भरताना
डागाची नोट त्यात सरकवावी
असं एकदा मनात आलं. खोटं कशाला बोलू.
कोऱ्या पाच घातल्या.
डागाची माझ्याबरोबर परत आली,
नव्या पेठेतला पोरगा म्हणतो, बघू काका.
शिलिंगांकडे तर त्यानं बघितलंही नाही.

हिशेब जुळत नाही.
दोन हजारांचा फरक.
बँकेत असतो तर दिवे लावून बसलो असतो.
"ते मी देले," आतून आवाज येतो,
"संडासाबाहेर झाडनारीला. सिंहाची होती.
एका बाजूनं फाटेल होती थोडी.
तिनं घेतली."

वहीत लिहितो: किरकोळ.
मग खोडतो.
तिचं नाव विचारलं होतं का, असं विचारायला तोंड उघडतो,
मिक्सर सुरू होतो.

उठून पंखा लावतो.
टेबलावरून
आधी गेंडा उठतो.