एक, तीन, चार, दोन

पोटदुखे काकांनी दोन डब्बे आणले
गोणपाटात गुंडाळून,
दवाखान्यातून लेकरू आणावं तसे.
संत्र्याच्या गोदामात, खोक्यांच्या फळ्यांमागं सापडले म्हणे.
"असली हाय बाप्पा. शिशाचं.
आता वरुडात काय, दिल्लीतबी भेटत नाही."

त्यांची फियाट, बासष्टची, माझ्या दारात उभी.
दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची.
चढावर टकटक करते, थंडीत लवकर उठत नाही,
आणि काकांच्या मते सगळा दोष
पंपावरच्या नव्या, पांचट पेट्रोलचा.

मी झाकण उघडलं.
पेट्रोलचा वास आलाच नाही.
आला वॉर्निशचा, जुन्या कपाटाचा,
सुट्टीत बंद राहिलेल्या शाळेचा.
रंग तेवढा शाबूत,
मृग बहारातल्या संत्र्याचा,
पाव शतक अंधारात काढूनही.

रसूल मिस्त्रींच्या हातांना पेट्रोलचा वास असायचा,
जेवतानाही.
नळी तोंडात धरून एक घोट ओढायचे,
थुंकायचे, आणि धार चालू.
दुपारी डबा उघडण्याआधी त्याच पेट्रोलनं हात धुवायचे.
"ग्रीस निघते ना बे," म्हणायचे,
आणि मलाही धुवायला लावायचे.
मी अकरा वर्षांचा. उन्हाळ्यात गार लागायचं.
खोटं कशाला सांगू, आवडायचं.

शेवटी शेवटी त्यांचा चहा
आपोआप बशीत यायचा.
पोरांची नावं गेली.
बायकोला एकदा विचारलं,
"कोणती गाडी हाय तुमची, ताई?"
पण कुणी फियाट म्हटलं की
बोटं मांडीवर चालायला लागायची:
एक, तीन, चार, दोन.
एक, तीन, चार, दोन.
डॉक्टर म्हणाले, वय.
असेल. साठ होतं.

काकांना मी यातलं काही सांगितलं नाही.
सांगितलं ते व्हॉल्व्हचं.
की शिसं सीटवर गादीसारखं बसायचं,
प्रत्येक ठोका अंगावर घ्यायचं.
नव्यात ती गादी नाही, लोखंड लोखंडाला खातं.
हेड अमरावतीला पाठवू, कडक सीटा बसवू,
मग पंपाचंही पचेल तिला.
काका ऐकत होते, बघत होते डब्ब्यांकडे.
"ते कर. पर हे बी टाक.
मोर्शीलोक एकदा तरी
तिले तिच्या घरचं जेवू दे."

अठरा दिवसांनी हेड आलं.
टाकीत मी ओतलं पंपाचंच, पाच लिटर,
काका पान आणायला गेले तेवढ्यात.

मोर्शीला जाऊन आले.
काच खाली, कोपर बाहेर,
टोपी कुठं उडाली त्याचा पत्ता नाही.
"आयकला? आवाज आयकला?
असली ते असली!"
मी म्हटलं, हो.
आणि फडक्यानं हात पुसत राहिलो,
हात कोरडे होते तरी.

डब्बे अजून माझ्याकडंच आहेत.
ओतता येत नाही, भिंतीपलीकडं बागा,
बागांखाली बोअर,
पाणी आधीच पाताळात.
जाळता येत नाही. विकता येत नाही,
घेणारे दोघं येऊन गेले तरी.
वरच्या फळीवर ठेवलेत,
पिवळ्या पेंटनं लिहिलंय: हात धुवू नये.
नवा पोरगा, तुषार, वाचून हसतो.
"मंग ठेवलं कायले, भाऊ?"
त्याच्या बोटांना काळं. मी साबण फेकतो.
तो झेलतो, दरवेळी, एका हातानं.

महिन्यातून एकदा काका येतात
ऑइल बघायच्या निमित्तानं,
आणि बॉनेट लावता लावता हळूच,
"उरलं हाय का थोडंसं?"
"दोन बोटं असेल."
"पुरवून वापर," म्हणतात.