तेल टिपायचा कागद

इनास आला तो शनिवारी, कुडाळला उतरून.
बावीस दिवसांची रजा, दोन बॅगा,
आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सात-बाराचा उतारा.
खालच्या अंगाचे एकोणीस माड.
त्याला विकायचेत, मला नाही.
फोनवर यावर इतकं भांडून घेतलं होतं
की समोरासमोर बोलायला
जेवलास का, पाणी तापलंय, एवढंच उरलं.

रविवारी मिसाहून परतले तर
ओट्यावर पोर्कचे सहा चॉप, हाडासकट.
कुणाची तरी मोटारसायकल मागून
पहाटेच सावंतवाडीला जाऊन आला होता.
बोटीवर तो अठरा वर्षं कूक.
वेंगुर्ल्याच्या माझ्या स्वयंपाकघरातही असा उभा
की जमीन आत्ता कलंडेल:
पाय फाकवून, कंबर ओट्याला टेकून.

चरबीच्या काठाला त्याने तीन-तीन चिरा दिल्या.
"नाय तर तव्यात वळतत,"
हे तो मला नाही, सुरीला म्हणाला.
मग माझा वरवंटा उचलून मांस ठोकायला लागला.
पेडणेकरवहिनी कुंपणापाशी आल्या,
काय कुटतास गो, म्हणाल्या.
भाऊ आलाय, मी सांगितलं.
एवढ्यावरून त्यांना काय समजलं कोण जाणे,
लगेच आत गेल्या.

लसूण, मिरी, मीठ.
सिरक्याची बाटली मी मुद्दाम पुढे केली,
त्याच माडांच्या सुरेची.
त्याने वास घेतला, लागेल तेवढा ओतला,
बूच घट्ट लावलं.

चुऱ्याचं काम माझ्याकडे.
बुधवारचे पाव उन्हात खडखडीत वाळलेले,
मिक्सरचं पातं गेलंय, तेव्हा पाट्यावर.
त्यात मूठभर रवा मिसळला, सुरमईला लावतो तसला.
"बोटीर रवो नसता."
"हय असता."

एक हात सुका, एक ओला.
सुक्याने मैदा, ओल्याने अंडं,
चुऱ्यासाठी पुन्हा सुका.
त्याच्या हातांची गल्लत होत नाही.
माझी बोटं तिसऱ्या चॉपपर्यंत गाठी-गाठींची,
जणू आता मलाच तळणार.
इनास हसला.
म्हणजे नाकातून थोडी हवा सोडली.

तेल तापत ठेवून मी पहिला चॉप उचलला.
"थांब गो. कोट धरूंदे."
दहा मिनिटं.
दहा मिनिटं आम्ही दोघं ताटाकडे बघत राहिलो.
माय गेली तेव्हा बोट कुठे होती,
हे त्या दहा मिनिटांत विचारता आलं असतं.
मी अंड्याचं भांडं विसळलं.

मग तेलात सोडल्यावरचा तो आवाज.
कडेने बारीक बुडबुडे, मधोमध शांत.
तो ढवळत नव्हता, हलवत नव्हता,
नुसता कान देऊन उभा.
आवाज उतरला तसा उलटला:
वाळत टाकलेल्या सोलांच्या बाजूला
ऊन पडतं ना दुपारचं, त्या रंगाचा.

"कागद?"
चिमट्यात चॉप, खाली ठिबकतंय तेल.
रद्दी मी कालच बंबात घातलेली.
फोल्डर फ्रिजवर होता.
उतारा काढला, ताटात पसरला.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग चॉप ठेवला.
मग दुसरा.
मी झाकण आणायला वळले तर म्हणाला,
"झाकू नको. वाफेन मऊ पडतले."

तेल गट नंबरावर गेलं, क्षेत्रावर गेलं,
मग नावांवर, त्याच्या आणि माझ्या.
कागद भिजून काचेसारखा झाला
आणि ताटावरची निळी वेल
अक्षरांमधून वर आली.

"झेरॉक्स आसा ती," इनास म्हणाला.
"मूळ माझ्या बॅगेत."
"म्हायत आसा माका."

हाडाजवळचा, सगळ्यात कुरकुरीत तुकडा
त्याने माझ्या ताटात टाकला.
चावताना एवढा आवाज झाला
की थोडा वेळ दुसरं काही ऐकूच आलं नाही.

अजून वीस दिवस आहेत.
पाव आणून सुकत घालायला हवेत.