सोमवारची झीज

इतवारीत, लोहाओळीतून आणलेला बारीक टोकाचा खरवडा,
मातीचं तेल, दातांचा जुना ब्रश.
बाबांनी सात नंबरचं आयर्न व्हाइसमध्ये आवळलं,
मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा, ओरखडा नको म्हणून.

आधी निघाली काळी माती. कामठीची.
किती वर्षांची, कोण जाणे.
मग रेघा. खालून तिसरी तर सापडेचना,
नख फिरवलं की नुसतं घसरायचं.

"खोल नको जाऊ," बाबा म्हणाले,
"होत्या तेवढ्याच. नव्या नाही पाडाच्या."

कूलर कुरकुरत होता. मी ओढत राहिले,
एक रेघ, फुंकर, एक रेघ.

झीज सगळी टाचेकडे, विखुरलेली.
"हे कर्नलसाहेबाचं. चेंडू नाल्यात जाये, शिव्या मले."
आणि बरोब्बर मधोमध
चार आण्याएवढा गुळगुळीत, चकचकीत ठिपका.

"अन् हे?"

बाबांनी बल्ब जरा खाली ओढला.
"सोमवारी क्लब बंद राहे," एवढंच बोलले
आणि माझ्या हातातून खरवडा काढून घेतला.

उद्या साहेबांचा नातू येईल न्यायला.
विचारेल, मधेच का सोडलं.
सांगीन, तिथं लोखंड पातळ आहे.