आवाजाचा रकाना

बामणोलीच्या नाक्यावर एकच बल्ब,
खाली टेबलावर वनखात्याचा तक्ता:
नाव. संख्या. वेळ. आवाज.

पावणेदोनला भिंतीवर चंद्रपतंग,
काकडीच्या गरासारखा फिकट हिरवा,
मागे दोन लांब शेपट्या, जरा वळलेल्या.
याला तोंड नाही.
म्हणजे खरंच नाही. सुरवंट असताना
ऐनाचा पाला खाल्ला असेल तेवढाच,
त्यावर हे आठ दिवस.
गुणाजी शेलार म्हणाला, बरंय की,
डबा आणायची कटकट नाही.

आवाजाच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली.

पण मादी होती ती.
पोटाचं टोक वाऱ्याकडे करून बसलेली,
वास सोडत, जो मला येईना, गुणाजीला येईना.
तीनच्या सुमाराला नर आला,
पार तापोळ्याच्या अंगाने, धरणाचं पाणी ओलांडून.
एक शेपटी नव्हती त्याला.
वटवाघळाच्या कानात त्या गिरकीने
खोटाच पतंग वाजतो म्हणे,
ते तेवढं तोडून घेतं, आणि पतंग सुटतो.

साडेचारला ओढ्यावर कस्तूर.
उशिरा शाळेला निघालेल्या पोराची शीळ:
चाल धरतो, मध्येच विसरतो,
थांबतो, पुन्हा पहिल्यापासून.
ओढा एवढा खळाळतोय
तरी ती पाण्याच्या वरून येते, कोरडी.
रकान्यात जागा पुरली नाही,
समासात लिहिलं.

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून
आमचे तात्या पाटीवर लिहितात.
रजेवर मेढ्याला गेले
की कडीला हात लावायच्या आत
दार उघडतं.
पाटी तेव्हा कोरीच असते.

रेघ खोडली. लिहिलं:
आहे. मला ऐकू आला नाही.
साहेब शेरा मारतील, मारू देत.

उजाडलं. जोडी अजून भिंतीवर, हलत नाही.
कस्तूर पायरीवर उतरला,
काळा, खांद्यावर निळं काहीतरी चमकवत,
बल्बखाली पडलेले किडे टिपायला.
एक हिरवी शेपटी होती तिथे.
मग सुटला तो इथेच, आमच्या दारात.
कस्तुराने ती उचलली, उलटी केली, टाकली.
मी दाराआड उभी,
म्हटलं आता जवळून ऐकू.
शीळ नाही.
चोच भरलेली होती.