बसून

वाद्याचं नावच बसून.
लांबडं, लाकडी, सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखं बोलणारं.
न्यूयॉर्कात, शेहेचाळिसाव्या रस्त्यावर,
अकराशे बारा प्रयोग मी ते वाजवलं
खड्ड्यात बसून.

डोक्यावर फळ्या, फळ्यांवर नाटक.
नाटक कसं दिसायचं ते मला विचारू नका.
मला तळवे माहीत आहेत.
हेस्टर रंगमंचाच्या कडेला बसून
पाय खाली सोडून गायची.
तिच्या डाव्या बुटाला भोक होतं,
आत दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा.
पहिल्या रांगेतल्या साठ डॉलरवाल्यांना
हे कधी कळलं नाही.

दुसऱ्या अंकात पाऊस पडायचा.
वरून ओटिस चाळणीतून तांदूळ सोडायचा,
आवाजापुरता.
चार दाणे रोज माझ्या वाद्याच्या तोंडात.
ते मी वर्षभर साठवले, एका रविवारी शिजत टाकले.
कच्चेच राहिले.
पाऊस शिजत नाही, ओटिस म्हणाला.

आता त्याचा सिनेमा निघालाय.
नव्याने, पुन्हा, मोठ्या खर्चाचा.
योंकर्सच्या मॉलमध्ये, चौथ्या पडद्यावर,
टेसाने तिकिटं काढली, वर पॉपकॉर्नची बादली.
आजी, आता तरी तुला दिसेल.

दिसलं.
बंदर खरं. पाणी खरं, किंवा खऱ्याहून ओलं.
नायिकेच्या पापणीवर थेंब, बशीएवढा.
गाणं ती कुजबुजते. बरोबरच आहे,
ओठांशी माइक असताना
शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या सुतारापर्यंत
आवाज फेकायचा कशाला?
हेस्टर त्याच्यासाठीच गायची.
त्याला कुणी पाहिलं नव्हतं;
तो आलाय असं धरून चालायचं, रोज.

दिवेवाल्याच्या बहिणीचं गाणं कापलंय.
त्याच्याबरोबर माझा तुकडाही गेला,
आठच बार,
पण त्यात मी एकटी होते.

आणि मग तो विनोद आला, बोटीच्या तिकिटाचा.
इथे ड्वोरकिन काठी वर धरून थांबायचा,
हशा ओसरेपर्यंत.
मंगळवारी दोन श्वास, शनिवारी रात्री पाच.
एकदा हिमवादळात अडकलेल्या
दोनशे नर्सेस येऊन बसल्या होत्या, तेव्हा नऊ.
आम्ही बाराजण ओठ लावून, काठीवर डोळे,
आणि वर नटाचे बूट, जागच्या जागी.

सिनेमा थांबला नाही.
सातजण हसले,
पुढचं वाक्य त्यांच्या हसण्याखाली बुडालं.
मी मात्र श्वास धरून बसलेली.
टेसा वाकून म्हणाली, बरं वाटत नाहीये का?

वाईट नव्हता हो सिनेमा.
एका जागी तर मी रडलेसुद्धा.
तिसऱ्या कडव्यात ती मागे वळून बघते,
बोटीवर तो नसतो,
आणि तेव्हा मला कळलं
हेस्टरचे पाय त्या कडव्यात
एकदम हलायचे का थांबत.
पावणेतीन वर्षं मी समजत होते
तिच्या पोटरीत पेटके येतात.
एकदा मलमाची डबीही देऊ केली होती मी.
तिने घेतली.

मग नावं. वर वर सरकणारी नावं,
धूर करणारे, पाणी करणारे,
नुसत्या केसांचेच चाळीसजण.
बसून : कुणी एक स्टेनगार्ड.
बरं वाजवलंय पोराने, की पोरीने.
लोक कोट चढवत उठले.

आमचंही एक वाजवणं असायचं यावेळी,
पडदा पडल्यावरचं,
पाठमोऱ्या लोकांना दारापर्यंत पोचवायला.
ते कुणी ऐकत नसे.
तेच मला सगळ्यात चांगलं यायचं.

टेसा बाहेर जाऊन फोनवर बोलत होती.
मी उठले नाही.
केर काढणारा मुलगा आत आला,
पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि झाडू वर धरून
थांबला.